मायनस चार ओळींची गोष्ट

‘फायनल’, ‘फायनल-टू’, ‘फायनल-लेटेस्ट’ आणि ‘प्लीज-हीच-फायनल’. तुमच्या ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवर अशा नावांच्या फाइली नसतील, तर एक तर तुमचं ऑफिस फारच शिस्तीचं आहे, नाहीतर तुम्ही तिथे फक्त कॉफी प्यायला जाता. बजेटच्या शीट्स, अप्रेझलचे फॉर्म, क्लायंटचं प्रेझेंटेशन, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, सगळं त्या एकाच ड्राइव्हवर सुखाने नांदत असतं. आपण डबल क्लिक करतो, फाइल उघडते, विषय संपला.

पण त्या डबल क्लिकच्या पलीकडे कुणीतरी बसलेलं असतं. त्याचं नाव फाइल सर्व्हर. जुन्या सरकारी ऑफिसातल्या रेकॉर्ड क्लार्कसारखा हा प्राणी. कोण आलंय, त्याला कुठली फाइल द्यायची, कुणाला नुसती बघू द्यायची आणि कुणाला दारातूनच कटवायचं, हे सगळं तो ठरवतो. अशा क्लार्कच्याच डोक्यात लोच्या झाला तर?

तो झाला, की दुरुस्ती येते. आजची गोष्ट त्या दुरुस्तीचीच आहे. बग सापडणं, बग दुरुस्त होणं, यावर ढीगभर लिहिलं जातं. दुरुस्ती तपासणाऱ्या माणसाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. खरी गंमत तर तिथेच असते, बॉस.

कर्नलमधला क्लार्क

आधी थोडी ओळखपरेड. विंडोजच्या जगात फाइल शेअर करण्याची जी भाषा आहे, तिचं नाव एसएमबी. लिनक्सची मशीन्सही ही भाषा बोलू शकतात, ती मुख्यतः सांबामुळे. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेलने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतलेलं हे सॉफ्टवेअर आजही जगभर चालतं. सांबा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याबाहेर, बाकीच्या प्रोग्रॅम्ससारखं चालतं.

२०२१ मध्ये लिनक्सच्या ५.१५ या आवृत्तीत आणखी एक एसएमबी सर्व्हर आला. त्याचं नाव केएसएमबीडी. हा थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच बसतो. फायदा हा, की मध्ये फारसे टप्पे नाहीत, त्यामुळे वेग चांगला. तोटाही तोच, मध्ये फारसे टप्पे नाहीत! बाहेरच्या खोलीतल्या क्लार्कने घोळ घातला तर त्या खोलीपुरता घोळ. तिजोरीच्या खोलीत बसलेल्या क्लार्कने घोळ घातला तर सगळं घरच उघडं.

ही भीती हवेतली नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये केएसएमबीडीतली एक चूक जाहीर झाली आणि तिला धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण मिळाले. शाळेत कधी मिळाले नाहीत ते इथे नको असताना मिळाले! दुरुस्ती तेव्हा आधीच आलेली होती आणि केएसएमबीडी मुद्दाम चालू केल्याशिवाय चालत नाही, म्हणून अनेकांचं निभावलं. पण या कोडकडे लोक जरा डोळे बारीक करून बघायला लागले.

खण नंबर १७

अशाच बघणाऱ्यांपैकी एक म्हणजे सिक्युरिटी रिसर्चर शॉन हीलन. २०२५ मध्ये त्याला केएसएमबीडीत एक चूक सापडली. टेक्निकल नाव ‘यूज आफ्टर फ्री’. नाव ऐकून घाबरू नका, आपण रेल्वे स्टेशनच्या क्लोकरूममध्ये जाऊ.

समजा, क्लोकरूमच्या रजिस्टरात तुमच्या नावापुढे लिहिलंय, ‘खण नंबर १७’. तुमचं सामान खणातून काढलं, खण रिकामा झाला. आता तो दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. पण रजिस्टरात तुमच्या नावापुढचा ‘१७’ खोडायचा राहून गेला. पुन्हा कुणी तुमच्या नावाने आलं की क्लार्क रजिस्टर बघणार आणि बेधडक १७ नंबर उघडणार. आत काय असेल? काहीही! आणि एखाद्या चलाख माणसाने तोवर स्वतःचं गाठोडं मुद्दाम तिथे ठेवलं असेल, तर क्लार्क ते तुमचंच समजून उघडणार.

कॉम्प्युटरच्या मेमरीचं अगदी असंच असतं. वापरून झालेली जागा ‘मोकळी’ केली जाते, पण तिचा पत्ता लिहिलेला कागद कुठेतरी तसाच राहतो. या चुकीत तो पत्ता होता लॉग-इन केलेल्या यूजरच्या माहितीचा. एखाद्याने केर्बेरॉस पद्धतीने, म्हणजे कंपन्यांमध्ये सिंगल साइन-ऑनसाठी वापरतात त्या पद्धतीने, पुन्हा ओळख पटवायला सुरुवात केली, की सर्व्हर जुन्या यूजरची माहिती टाकून देई आणि नवी भरायला जाई. नवी भरता भरता मध्येच गडबड झाली, तर जुना पत्ता तसाच लोंबकळत राही. पुढचं कोड त्याच पत्त्यावर जाऊन धडके.

मग फिक्स काय? तुम्हीही सांगाल. खण रिकामा केला ना, मग रजिस्टरातला नंबर खोडा! कोडच्या भाषेत, तो पॉइंटर नल करा. हीलनने नेमका हाच पॅच दिला. जुन्या कोडमध्ये एक ओळ वाढली आणि तिच्याभोवती दोन कंस आले. विषय क्लोज. सीव्हीई-२०२५-३७७७८ असा नंबर त्या चुकीला मिळाला.

आता क्षणभर तुम्ही रिव्ह्यूअर आहात असं समजा. तुमच्यासमोर हा एवढासा पॅच आलाय. चूक काय होती ते नीट लिहिलंय. दुरुस्ती स्वच्छ आहे, वाचायला सोपी आहे. लिहिणारा माणूस जाणकार आहे. शिवाय शुक्रवार आहे. तुम्ही काय करणार? ओके म्हणणार!

दुसरी खिडकी

आणि तिथेच फसणार. कारण क्लोकरूमला खिडक्या दोन आहेत.

एसएमबीच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे विंडोज ८ च्या काळापासून, एका सेशनला एकापेक्षा जास्त कनेक्शन जोडता येतात. कारण चांगलं आहे. मशीनला दोन नेटवर्क कार्ड असतील तर दोन्हींवरून डेटा खेचा, एक तुटलं तर दुसऱ्यावर काम चालू ठेवा. म्हणजे रजिस्टर एक, नोंद एक, पण तिच्यावर काम करणारे क्लार्क दोन, आणि दोघं एकाच वेळी काम करतायत.

आता बघा. पहिल्या खिडकीवरच्या क्लार्कने खण रिकामा केला. तो नंबर खोडायला पेन उचलतोय. तेवढ्या अर्ध्या सेकंदात (कॉम्प्युटरच्या हिशेबात त्याहून कितीतरी कमी) दुसऱ्या खिडकीवरच्याने रजिस्टरात पाहिलं, ‘खण १७’, आणि निघाला खणाकडे. झाला ना पुन्हा तोच झोल?

तुम्ही म्हणाल, मग क्रम उलटा करा. आधी नंबर खोडा, नंतर खण रिकामा करा. हुशार आहात! पण दुसऱ्याने नंबर आधीच वाचला असेल आणि तो खणाच्या वाटेवर असेल, तर तुम्ही रजिस्टरात काय खोडताय याने त्याला काय फरक पडतो? नंबर त्याच्या डोक्यात आहे.

म्हणजे तो छोटासा, गोंडस पॅच चूक नव्हता, अपुरा होता. एका खिडकीपुरता बरोबर होता. आणि गंमत अशी, की एका सेशनवर दोन कनेक्शन जोडता येतात ही गोष्ट हीलनला पक्की माहीत होती. केएसएमबीडीतल्याच आधीच्या एका बगसाठी त्याने ती वापरलीही होती. फिक्स लिहिताना मात्र ती डोक्यात आली नाही, हे त्याने स्वतःच नंतर मोकळेपणाने लिहिलं. हे वाचून हसू नका. बग शोधताना आपण चोराच्या नजरेने घराभोवती फिरतो, प्रत्येक खिडकी हलवून बघतो. फिक्स लिहिताना आपण सुताराच्या नजरेने बघतो, समोरचं दार नीट बसलं की घरी जातो. माणूस तोच असतो, नजर बदललेली असते. म्हणून तर रिव्ह्यूअर लागतो.

आणि रिव्ह्यूअर निघाला यंत्र

ही खोट दाखवली कुणी? इथे स्टोरीत ट्विस्ट आहे. हीलनला आपल्या बगचा उपयोग परीक्षेचा पेपर म्हणून करायचा होता. ओपनएआयच्या ओ-थ्री या एआय मॉडेलला त्याने साधारण ३,३०० ओळींचं संबंधित कोड दिलं आणि यात काही चूक दिसते का, असं शंभर वेळा विचारलं. शंभरात आठ वेळा उत्तर बरोबर आलं. बाकीच्या वेळी एक तर ‘सगळं ठीक आहे’, नाहीतर नसलेल्याच बगची बोंब.

मग त्याने व्याप वाढवला. एसएमबीचे सगळे हुकूम हाताळणारं, साधारण १२,००० ओळींचं कोड दिलं. जुना बग आता शंभरात एकदाच सापडला. पण त्या ढिगात एक रिपोर्ट असा आला, जो त्याच्या ओळखीचा नव्हता. लॉग-ऑफ करतानाही हाच घोटाळा होतो, असं तो सांगत होता. एका कनेक्शनने लॉग-ऑफ केलं, यूजरची माहिती मोकळी झाली, पण त्याच सेशनला जोडलेलं दुसरं कनेक्शन तीच माहिती अजून वापरत असू शकतं. हा खराखुरा, नवा बग होता. सीव्हीई-२०२५-३७८९९.

आणि आता नीट लक्ष द्या. लॉग-ऑफच्या त्या कोडमध्ये पॉइंटर नल करण्याची ओळ आधीपासूनच होती! म्हणजे हीलनने पहिल्या बगसाठी जो उपाय जोडला, तोच उपाय इथे कधीपासून बसलेला होता आणि बग त्याच्या शेजारीच आरामात राहत होता. एका ठिकाणी जी दुरुस्ती, तीच दुसऱ्या ठिकाणी बगच्या घरातलं फर्निचर. हे वाचल्यावर हीलनला आपला आधीचा फिक्स अर्धा असल्याचं कळलं.

एआयवाले लगेच कॉलर ताठ करतील, म्हणून हेही सांगून टाकू. त्याच ओ-थ्रीने आपल्या काही रिपोर्टमध्ये ‘नल करा की झालं’ हाच अर्धा उपाय सुचवला होता. दुसऱ्या काहींमध्ये मात्र दोन कनेक्शनचा मुद्दा काढून तो पुरणार नाही असं म्हटलं होतं. कुठला रिपोर्ट खरा आणि कुठला फेकू, हे ठरवायला शेवटी कोड कळणारा माणूस बसलाच होता.

खरा फिक्स कसा दिसतो

पुढे जे झालं, ते मला सगळ्यात आवडलं. लॉग-ऑफच्या बगचा फिक्स काय होता माहितीये? चार ओळी काढून टाकल्या. बस. एकही नवी ओळ नाही. खण रिकामा करायचा तो ‘नल’ वगैरे सगळा भागच उडवला. कारण सेशन कायमचं संपतं तेव्हा ही माहिती मोकळी करण्याची सोय दुसरीकडे होतीच. एक जण निघाला म्हणून दुसऱ्याच्या हाताखालचं सामान उचलायची गरजच नव्हती.

आणि पहिला बग? त्याच्यासाठी दुसरा फिक्स आला, चक्क फिक्सचा फिक्स, आणि त्याला स्वतःचा वेगळा सीव्हीई नंबर मिळाला. या वेळी प्रश्नच बदलला होता. जुना यूजर टाकून नवा भरण्यापेक्षा, जुना आहे तिथे राहू द्या. नवा आला की दोघांची ओळख ताडून बघा. माणूस तोच असेल तर नवी प्रत टाकून द्या. वेगळा असेल तर दारातूनच परत पाठवा. खण रिकामा करायचाच नाही, तर खोडायचा प्रश्न येतोच कुठे?

फरक लक्षात आला? पहिला फिक्स विचारत होता, ‘लोंबकळणारा पत्ता कसा खोडू?’ दुसरा विचारतो, ‘मुळात ही वस्तू कुणाच्या मालकीची आहे, आणि ती टाकून द्यायचा हक्क कुणाला आहे?’ चांगल्या रिव्ह्यूचं काम एवढंच, पहिल्या प्रश्नावरून दुसऱ्यावर नेणं.

डिफमध्ये जे दिसत नाही

लिनक्समध्ये पॅच वाचायला येतो तो डिफच्या रूपात. काढलेल्या ओळींपुढे मायनस, नव्या ओळींपुढे प्लस, आणि आजूबाजूच्या सहसा वर तीन आणि खाली तीन ओळी, संदर्भासाठी. सोय छान आहे, पण फसवी आहे. डोळा फक्त रंगीत ओळींवर फिरतो. दुसरी खिडकी त्या तीन ओळींत नव्हती. ती वेगळ्याच फंक्शनमध्ये होती आणि खरं तर प्रोटोकॉलच्या नियमांमध्ये होती. छोटा पॅच म्हणजे छोटा रिव्ह्यू, हे गणित इथेच चुकतं.

पॅचखाली सह्या असतात, त्यांचाही एक फंडा आहे. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ म्हणजे हे कोड देण्याचा मला हक्क आहे आणि ते माझ्या हातून पुढे गेलं. ‘टेस्टेड-बाय’ म्हणजे मी चालवून पाहिलं. ‘रिव्ह्यूड-बाय’ ही त्यातली वजनदार सही. मी तांत्रिक तपासणी केली, शंका लेखकाला कळवल्या, आणि माझ्या मते हा बदल घेण्यासारखा आहे, असं त्या सहीचं म्हणणं. गॅरंटी मात्र ती देत नाही. ‘एलजीटीएम’ टाइप करून जेवायला पळणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं.

आणि इथली दुरुस्ती एका जागी थांबत नाही. महत्त्वाचे फिक्स लिनक्सच्या जुन्या, अजून वापरात असलेल्या आवृत्त्यांमध्येही नेले जातात. पूर्ण फिक्स जितक्या लांब जातो, तितकाच अर्धाही जातो.

आपल्याला काय त्याचं?

फाइल सर्व्हरमधलं भोक किती महाग पडतं, याचा हिशेब आपल्या दारातच झालाय. विंडोजच्या एसएमबीमधल्या एका गंभीर चुकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिली. अनेकांनी ती लावलीच नाही. १२ मेला वॉनाक्राय आलं आणि ब्रिटनमधल्या हॉस्पिटल्सच्या अपॉइंटमेंट्स रद्द झाल्या. २७ जूनला नॉटपेट्या आलं. त्याच्या पसरण्याच्या मार्गांपैकी एक हीच चूक होती. मर्स्क या शिपिंग कंपनीची कॉम्प्युटर्स जगभर आडवी झाली आणि आपल्या नवी मुंबईजवळच्या जेएनपीटीमधलं तिच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. फाइल शेअरिंगच्या कोडमधली एक चूक आणि उरणच्या बाजूला अडकलेले कंटेनर, यांच्यात अंतर एवढंच.

तिथे फिक्स बरोबर होता, पण लावला गेला नव्हता. केएसएमबीडीच्या गोष्टीत लावला होता, पण पुरा नव्हता. दोन्हीकडे कुणीतरी ‘झालं की’ म्हणून फाइल बंद केली होती.

आणि तुम्ही कोड लिहीत नसाल, तरी सुटका नाही. एक्सेलमध्ये एरर दिसतोय म्हणून फॉर्म्युल्याला ‘इफ-एरर’ गुंडाळून शून्य दाखवणारे आपल्यात कमी आहेत का? शीट सुंदर दिसते, बॉस खूश, आणि चुकलेला आकडा आत तसाच. नल करण्यातला आणि शून्य दाखवण्यातला भाऊबंदपणा लक्षात घ्या.

फिक्स तपासायला बसताना

• आधी पॅच बंद ठेवा आणि फक्त तक्रार वाचा. तुम्ही काय केलं असतं ते ठरवा, मग पॅच उघडा.

• हीच वस्तू आणखी कोण वापरतंय, हे विचारा. दुसरी खिडकी शोधा.

• हीच चूक शेजारच्या खोलीत आहे का ते बघा. केर्बेरॉसमध्ये होती, लॉग-ऑफमध्येही निघाली.

• फिक्स लक्षण झाकतोय की कारण काढतोय? ओळी वाढण्याऐवजी कमी करून काम होतंय का?

• लिहिणारा किती मोठा आहे हे विसरून वाचा. यंत्राने लिहिलं असेल तरी तेच, यंत्राने तपासलं असेल तरी तेच.

• नाही कळलं तर ‘नाही कळलं’ असं लिहा. खोट्या ओकेपेक्षा खरा प्रश्न केव्हाही भारी.

रिव्ह्यूअरचं नाव कुठे झळकत नाही. बग शोधणाऱ्याला टाळ्या, फिक्स लिहिणाऱ्याला थँक्यू, आणि तपासणाऱ्याला ‘किती वेळ लावतोस यार!’ तरीही पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर तीन ओळींचा फिक्स टाकून ‘पटकन बघ ना’ म्हणालं, तर पटकन बघू नका. खुर्ची ओढा, आणि आधी क्लोकरूमला खिडक्या किती आहेत ते मोजा.